मागच्या पगाराबद्दल: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नोकरी देताना उमेदवाराला मागचा पगार विचारू नये, आणि विचारला तरी त्याने तो सांगू नये, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मागचा पगार ही बाजाराने लावलेली किंमत आहे, ती आधीच कळली की दोघांचा वेळ वाचतो, आणि जो सांगायला का-कू करतो त्याचा पगार कमीच असणार. शिवाय मी उमेदवारांना खोटं बोलायला शिकवते, असंही तुम्ही म्हणता.

वेळेचं मला पटतं. चार फेऱ्या पार पडल्यावर आकडा जुळत नाही म्हणून सगळं मुसळ केरात जातं. पण त्या जागेसाठी किती रक्कम मंजूर आहे, हे कंपनीला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. किमान-कमाल आकडा जाहिरातीतच दिला की प्रश्न मिटला.

'बाजाराची किंमत' हे मात्र मला मान्य नाही. समजा, एकाच कामावर दोघं लागले. त्याला १००, तिला ८०. दोघांनी तीनदा नोकरी बदलली आणि दर वेळी जुन्या पगारावर २० टक्के वाढ मिळाली. आता त्याला १७२.८० मिळतात, तिला १३८.२४. सुरुवातीला २० चा असलेला फरक ३४ च्या वर गेला, आणि यात तिच्या कामाकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. तिने कदाचित बाळंतपणानंतर मिळेल ती नोकरी धरली असेल, किंवा ऐन मंदीत पहिली नोकरी लागली असेल.

हे कागदावरचं गणित नाही. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो काउंटीच्या शिक्षण कार्यालयात मागच्या पगारावर ५ टक्के वाढवून नवा पगार ठरवायची पद्धत होती. तिथे गणिताच्या सल्लागार असलेल्या एलीन रिझो यांना २०१२ मध्ये सहकाऱ्यांशी बोलताना कळलं, की नव्याने आलेल्या पुरुषाला त्यांच्यापेक्षा पगाराच्या वरच्या पायरीवर घेतलंय. त्या कोर्टात गेल्या. अमेरिकेतला समान वेतनाचा कायदा १९६३ चा; पण त्याखाली मागचा पगार हे बाईला कमी देण्याचं कारण होऊ शकत नाही, असा निकाल अपील न्यायालयाकडून यायला २०२० उजाडलं.

निवड करणाऱ्यांच्या बाजूला मीही बसले आहे. एका उमेदवाराचा जुना पगार कळताच मंजूर रकमेपेक्षा बरीच कमी ऑफर गेली. 'पैसे वाचले' असं कुणीतरी म्हणालं आणि मी गप्प बसले. त्या मुलीला हे कधीच कळलं नसेल. तो प्रसंग आजही मला टोचतो.

गप्प राहणाऱ्यावर संशय येतो, हा तुमचा सगळ्यात टोकदार मुद्दा. चांगला पगार असलेले आपणहून सांगणारच, आणि मग न सांगणाराच उघडा पडतो. म्हणून नुसती प्रश्नावर बंदी पुरत नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन-पारदर्शकता निर्देशात म्हणूनच दोन्ही गोष्टी एकत्र आहेत: मागचा पगार विचारायचा नाही, आणि सुरुवातीचा पगार किंवा त्याची मर्यादा उमेदवाराला आधी सांगायची.

राहिलं खोटं बोलणं. आकडा फुगवून सांगा, असं मी कुठेही लिहिलेलं नाही, कधी लिहिणारही नाही. 'मागचा पगार मी सांगत नाही. या कामासाठी माझी अपेक्षा एवढी आहे,' यात खोटं काय आहे, ते मला दाखवा.