रोज दम काढून वेग वाढत नाही, भाऊ

सायकलिंगवरच्या एका लेखात म्हटलंय की वेग वाढवायचा तर रोज दम लागेस्तोवर सायकल हाणा. मला हे बिलकुल पटलं नाही. मी परतवाड्याजवळच्या खेड्यातला. दोन वर्षं असंच हाणत होतो. पाय कायम जड, अन् चिखलदऱ्याचा घाट काही सर होईना. मग आठवड्यातल्या पाचपैकी चार फेऱ्या सावकाश केल्या. सावकाश म्हणजे, सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांत श्वास तुटला की गिअर हलका करायचा. पाचवी फेरी मात्र कडक: चढावर चार मिनिटं जोर, तीन मिनिटं हलकं, असं चारदा. व्यायामशास्त्राचे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंचा सराव तपासून साधारण हेच 80-20 चं प्रमाण मांडलंय: 80 टक्के सावकाश, 20 टक्के कडक.

उन्हाचा तर लेखात उल्लेखच नाही! आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, तेव्हा त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात. घामानं अंगातलं पाणी घटतं, शिवाय कातडी थंड ठेवायलाही रक्त लागतं. अशा दिवसांत वेग पाहू नका, श्वास पाहा, अन् पहाटे पाचलाच निघा.

यंदा जानेवारीत घाट चढलो, एकदाही पाय न टेकवता.