टाकी एक, नळ वेगळे

गेल्या आठवड्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. दोन दिवसांत तोच तालमीच्या आणि भिशीच्या ग्रुपवरही फिरला. विषय गुगल वनचा, म्हणजे मेल, फोटो, फाइली ठेवायला गुगलकडून पैसे देऊन घेतात त्या जादा जागेचा. म्हणणं असं: 'गुगल वनचा प्लॅन घरात वाटून घेऊ नका. एकाचे फोटो सगळ्यांना दिसतात, पैसे भरणारा तुमचे मेल वाचतो, बाहेर पडलात की सगळं पुसलं जातं. त्यापेक्षा एकच जीमेल सगळ्यांच्या फोनात टाका.' पहिली तिन्ही विधानं चुकीची आहेत. शेवटचा सल्ला मात्र घातक आहे, आणि लोक नेमका तोच ऐकायला लागलेत, म्हणून हे लिहितोय.

आधी फोटोंचं बघू. प्लॅनमध्ये वाटली जाते ती फक्त जागा. अपार्टमेंटच्या गच्चीवर पाण्याची टाकी एकच असते, म्हणून काही कुणाच्या घरात काय शिजतंय ते शेजाऱ्याला दिसत नाही. गुगल वनमध्ये प्लॅन घेणाऱ्यासोबत आणखी 5 जण येऊ शकतात. प्रत्येकाचं खातं, पासवर्ड, ड्राइव्ह, फोटो ज्याचे त्याच्याकडेच राहतात. आधी आपली फुकटची 15 जीबी भरते, मगच सामाईक जागेला हात लागतो. ॲपलच्या आयक्लाऊडचंही तसंच, तिथंही आणखी 5 जण आणि फाइली वेगळ्या. गुगल फोटोजमध्ये 'पार्टनर शेअरिंग' नावाची सोय आहे, तिनं दुसऱ्याला फोटो दिसतात हे खरं. पण ती आपण स्वतः चालू करावी लागते, प्लॅनबरोबर येत नाही.

पैसे भरणाऱ्याला कुणी किती जागा वापरली तो आकडा दिसतो. मेल दिसत नाहीत.

बाहेर पडल्यावर लगेच काही पुसलं जात नाही. पण तुमचा साठा 15 जीबीच्या वर असेल तर नवे फोटो चढत नाहीत, मेल येणं थांबतं, आणि 2 वर्षं तसंच राहिलं तर गुगल साठा काढून टाकू शकतं. एवढी धास्ती रास्त आहे. बाहेर पडण्याआधी आवराआवर करावी.

आता ते एकच जीमेल. आमच्याच घरात हे झालं, वहिनींना विचारूनच सांगतोय. फोन घेताना दुकानातल्या पोरानं 'सोपं पडेल' म्हणत काकूंच्या आणि वहिनींच्या फोनात काकांचंच जीमेल टाकलं. वहिनींनी डॉक्टरांना पाठवायला सोनोग्राफीच्या रिपोर्टचे फोटो काढले. संध्याकाळी काका कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात गिऱ्हाइकाला साड्यांचे फोटो दाखवत होते, त्यात तो रिपोर्ट आला. वहिनींनी तोवर घरात कुणाला सांगितलंही नव्हतं. पुढं जागा भरली म्हणून काकांनी जुने फोटो पुसले, तर पुतण्याच्या बारशाचे फोटो तिन्ही फोनांतून गेले. बॅकअप झालेले फोटो कचरापेटीत 60 दिवस राहतात. आम्हाला कळलं तेव्हा ते दिवस उलटून गेले होते.

फोटो तर दिसले म्हणून कळलं. पण कॉन्टॅक्ट, क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड, कुठं काय शोधलं याची नोंद, सगळं त्याच खात्यात जमतं. लॉक नसलेला एक फोन बाजारात हरवला तर अख्खं घर उघडं पडतं.

ज्यांनी असं केलंय त्यांनी प्रत्येकाचं वेगळं खातं काढावं. रिकव्हरीला, म्हणजे अडकलेलं खातं परत मिळवायला, आपलाच नंबर द्यावा, दुकानदाराचा नको. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा, चालू करावं. गुगल खात्याच्या 'सिक्युरिटी'त आपलं खातं कुठल्या कुठल्या फोनात उघडं आहे ती यादी असते, तिथूनच अनोळखी फोन बाहेर काढता येतो. जुनं खातं फोनातून काढण्याआधी आपले फोटो नव्या खात्यात आलेत का ते नीट तपासा. मग हवं तर त्या सगळ्या खात्यांना मिळून एक प्लॅन घ्या.

घाबरून क्लाऊडच, म्हणजे इंटरनेटवर फोटो ठेवणंच, बंद करणारेही मला भेटलेत. त्यांना 2019 चा पूर आठवावा. पाणी ओसरल्यावर नदीकडच्या घरांतून लग्नाचे अल्बम उन्हात टाकले होते, पानं एकमेकांना चिकटलेली. फोटोची दुसरी प्रत घराबाहेर असणं काय असतं, ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

परवा काकूंचं स्वतःचं खातं काढलं. पासवर्ड त्यांनी पाठ फिरवून टाकला. मी विचारला नाही, त्यांनी सांगितला नाही.