इलेक्ट्रिकलच्या पदवीला ‘8 लाखांचा चुराडा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सीईटीचा निकाल लागला की सांगली-मिरजेच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही फिरतोय. त्यातले मुद्दे असे: इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग म्हणजे 8 लाखांचा चुराडा. पोरगं बाहेर पडलं की 12 हजारांवर राबवतात. आयटीआय केलेला वायरमन त्याच्यापेक्षा जास्त कमावतो. वीज मंडळाची भरती संपली. कम्प्युटर मिळालं तर घ्या, नाहीतर धंद्याला लागा. आणि मुलींना तर ही ब्रँच देऊच नका.

मी कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या कारखान्यांची विजेची कामं करते. ज्यांना विजेची मनापासून आवड आहे अशी पोरं या मेसेजमुळे घरच्यांच्या धाकानं ऑप्शन फॉर्म बदलताना दिसतात, म्हणून हे लिहिते आहे.

आधी 8 लाखांचं बघू. खासगी कॉलेजची पूर्ण फी, होस्टेल आणि मेस असं सगळं चार वर्षांचं धरलं तर हा आकडा येतो. पण तो भरणारं घर कोणतं? सांगलीत 1947 पासून चालू असलेलं, अनुदानित वालचंद कॉलेज आहे. कऱ्हाडला 1960 पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. विश्रामबागेच्या आसपास राहणाऱ्या मुलाला वालचंदमध्ये जागा मिळाली तर होस्टेल आणि मेसचा खर्च मुळातच नाही. या दोन ठिकाणी नंबर लागला नाही आणि खासगी कॉलेज घ्यावं लागलं, तरी कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, प्रवेश असेल आणि कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भार शासन उचलतं. टीएफडब्ल्यूएस या शुल्कमाफी योजनेच्या 5 टक्के जागांवर तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ असतं. समजा, शिक्षण शुल्क वर्षाला 1 लाख आहे. मेसेजवाला चार वर्षांचे 4 लाख लिहितो, पण शिष्यवृत्तीस पात्र असलेलं घर भरतं 2 लाख. ज्या रकमेवरून पालकांना घाबरवलं जातंय, ती बहुतेकांच्या खिशातून जाणारच नाही.

आता उरलेली बाजू. मॅनेजमेंट कोट्यातून, शिष्यवृत्तीशिवाय, कर्ज काढून आणि ज्याच्या मशीन्स लॅबमधल्या निम्म्या मोटरी बंद पडलेल्या आहेत अशा कॉलेजात कोणी खरंच 8 लाख घालणार असेल, तर मीही सांगेन की घालू नका. 4 लाखांचं कर्ज 10 टक्क्यांनी 7 वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता साधारण 6,640 रुपये बसतो, आणि शिकत असतानाचं व्याज वेगळंच. पहिला पगार 20 हजार असेल तर त्यातला तिसरा हिस्सा बँकेत जातो. याहून जास्त कर्ज काढून आपल्या भागात ही पदवी घेणं मला परवडणारं वाटत नाही.

अशा घरासाठी दुसरा रस्ता आहे, आणि त्याचा मेसेजमध्ये शब्दही नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. दहावीनंतर अकरावी-बारावी करून पदवी घेतली तरी सहा वर्षं, आणि डिप्लोमा करून घेतली तरी सहाच. शासकीय तंत्रनिकेतनाची फी खासगी पदवीच्या मानानं फारच कमी असते, आणि तीन वर्षांनी हातात कागद असतो. पुढं शिकायला जमलं नाही तर त्या कागदावर नोकरी लागते. ज्यांचं दहावीलाच ठरलंय त्यांना मी हाच रस्ता सुचवते.

मेसेजमधले ‘12 हजार’ कुठून आले याचा मला अंदाज आहे. पदवीनंतर बरीच मुलं वर्षभर ॲप्रेंटिस म्हणून लागतात. 2019 च्या नियमांनी पदवीधर ॲप्रेंटिसचं किमान विद्यावेतन महिना 9,000 रुपये ठरवलं होतं आणि डिप्लोमावाल्याचं 8,000. ती शिकाऊ उमेदवाराची रक्कम आहे, तिला पगार म्हणून पुढं ढकलणं चूक आहे. मात्र ॲप्रेंटिसचं वर्ष संपलं तरी ‘ट्रेनी’ म्हणत त्याच रकमेवर इंजिनिअर ठेवून घेणारे कारखाने आहेत. हे शोषण आहे. अशा ठिकाणी वर्षापेक्षा जास्त थांबू नये. चाकणच्या, शिरवळच्या कारखान्यांत अनुभवाची किंमत होते.

वायरमनचा मुद्दा मात्र मला सविस्तर बोलण्यासारखा वाटतो, कारण या तुलनेत दोघांचाही अपमान आहे. चांगला वायरमन चांगले पैसे कमावतो, आणि कमवावेच. पॅनेलचं टर्मिनेशन, म्हणजे तारांची जोडणी, तो माझ्यापेक्षा सफाईनं करतो. पण त्याचं काम वेगळं आणि इंजिनिअरचं वेगळं.

आपल्याकडच्या एखाद्या फाउंड्रीचं उदाहरण घ्या. 1 एप्रिल 2020 पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना, म्हणजे मोठ्या कारखान्यांना, केव्हीएएचवर बिल येतं, म्हणजे नुसत्या कामी आलेल्या विजेवर नाही, तर लाइनमधून ओढलेल्या एकूण विजेवर. त्यामुळे पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला कामी येणारा हिस्सा, घसरला की बिल थेट चढतं. 500 किलोवॅटचा लोड 0.8 पॉवर फॅक्टरवर चालला तर 625 केव्हीए लागतात, तोच 0.98 वर आणला तर 510. पूर्ण लोडवर तासाला 115 युनिटांचा फरक! मालक म्हणतो, मग कपॅसिटर बसवा. हिशेबानं साधारण 275 केव्हीएआर क्षमतेचे कपॅसिटर लागतात. पण फाउंड्रीत इंडक्शन फर्नेस असते, मोटरचा वेग बदलणारे व्हीएफडी असतात, आणि ते लाइनमध्ये हार्मॉनिक्स, म्हणजे 50 हर्ट्झच्या पटीतले नको असलेले प्रवाह, सोडतात. पाचवा हार्मॉनिक 250 हर्ट्झचा. नुसते कपॅसिटर जोडले आणि ट्रान्सफॉर्मरशी त्यांचा रेझोनन्स (ज्या वारंवारतेला प्रवाह कैकपट वाढतो ती स्थिती) नेमका तिथं जुळला, तर कपॅसिटर फुगतात, कधी फुटतात. म्हणून 7 टक्क्यांचा रिॲक्टर (तारेची गुंडाळी) सीरिजमध्ये लावून ती वारंवारता 189 हर्ट्झवर, म्हणजे 250 च्या खाली आणतात. किती टक्क्यांचा रिॲक्टर, कपॅसिटर किती व्होल्टचा, ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स किती धरायचा, हे सगळं कागदावर ठरतं. सर्किट थिअरी आणि पॉवर सिस्टिम नीट शिकलेला माणूसच ते ठरवू शकतो. तिसऱ्या वर्षाला ‘हे कुठं वापरायचंय?’ म्हणून पोरं जो विषय रेटून पास होतात, तोच इथं कारखान्याचं बिल कमी करतो.

हा फरक पहिल्या पगारात दिसत नाही, पुढं दिसतो. ऊर्जा लेखापरीक्षकाच्या राष्ट्रीय परीक्षेला इंजिनिअरिंगच्या पदवीधराला 3 वर्षांचा अनुभव पुरतो, डिप्लोमावाल्याला 6 वर्षं लागतात. आणि हाताला काम शिकवणारी आयटीआय वाईट असती, तर मीच माझ्या ओळखीच्या पोरांना तिथं पाठवलं नसतं. पण ज्याला गणित आवडतं त्याला ‘वायरमन जास्त कमावतो’ म्हणून पदवीपासून तोडणं बरोबर नाही.

‘वीज मंडळाची भरती संपली.’ मुळात ते मंडळच 2005 मध्ये संपलं आणि महावितरण, महापारेषण, महानिर्मिती अशा कंपन्या झाल्या. त्यांच्या जाहिराती अजून निघतात. जागा कमी आणि स्पर्धा मोठी, तेव्हा केवळ त्या आशेवर कोणी ही ब्रँच घेऊ नये. पण नोकरी देणारे तेवढेच आहेत का? आपल्या आजूबाजूला बघा. कोयना प्रकल्प 1,960 मेगावॅटचा आहे. वनकुसवडे आणि ढालगावच्या पवनचक्क्या आहेत. साखर कारखान्यांचे सहवीज प्रकल्प आहेत. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांचे प्रचंड पंप आहेत. 1910 पासूनची किर्लोस्करवाडी आहे. शेतीच्या फीडरसाठी गावोगाव सौर प्रकल्प उभे राहताहेत. यातल्या प्रत्येक ठिकाणी बिघाड ओळखून लाइन तोडायला लावणारे प्रोटेक्शनचे रिले सेट करणारा माणूस लागतो. गेट ही राष्ट्रीय परीक्षा चांगली गेली तर पॉवरग्रिड आणि एनटीपीसीसारख्या कंपन्यांची दारं उघडतात. नाहीतर गेटच्या गुणांवर एम.टेक.ला महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं.

कम्प्युटरबद्दल फार बोलत नाही. ज्याला आवडतं त्यानं जरूर घ्यावं. पण इलेक्ट्रिकलची मुलं प्रोग्रॅमिंग शिकून सॉफ्टवेअरमध्ये जातात, हे आपण सगळेच बघतो. उलट दिशेनं, म्हणजे कम्प्युटरची पदवी घेऊन सबस्टेशनच्या कामाला येता येत नाही.

शेवटचा मुद्दा मुलींचा, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. शाफ्ट आणि बेअरिंगपाशी अडलेली मोटर असो की रिले कोऑर्डिनेशनचा आलेख, हे काम करताना मला कधी ताकद कमी पडली नाही. डिझाइन, टेस्टिंग, एनर्जी ऑडिट, ऑटोमेशन या सगळ्या कामांत मुली आहेत. आणि मेसेजमधल्या पैशाच्या हिशेबातही मुलींचं गणित सर्वांत चुकलेलं आहे. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यावर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के माफ आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजांनाही ते लागू आहे. तेव्हा घरात अशी मुलगी असेल आणि तिला इलेक्ट्रिकल हवं असेल, तर फॉर्म भरण्याआधी उत्पन्नाचा दाखला, ईडब्ल्यूएसचा किंवा जातीचा दाखला, आणि जातीच्या दाखल्यासोबत नॉन-क्रिमीलेअर तयार ठेवा. तहसील कार्यालयात जून-जुलैला गर्दी होते, म्हणून एप्रिलमध्येच अर्ज टाका. कॉलेजनं त्यानंतरही शिक्षण शुल्क मागितलं तर शासन निर्णयाची प्रत पुढं ठेवून लेखी उत्तर मागा.