दुकानातल्या पोरांची नोकरी कुणी मोजतच नाही

परवा एका लग्नात पंगतीला बसलो होतो, शेजारचे पाहुणे म्हणाले तुम्हा दुकानदारांचं बरं असतंय, टॅक्स भरायचा नाही नुसता गल्ला मोजायचा. पाहुण्यांत वाद नको म्हणून गप बसलो पण घास गोड लागला नाही, म्हणून आज लिहायलोय.

माझं गावात छोटं किराणा जनरल आहे. वर्षाची विक्री 40 लाखाच्या आत, म्हणून जीएसटी नंबर घ्यायची सक्ती नाही. नंबर नाही म्हणजे टॅक्स नाही असं लोकांना वाटतं. अहो लातूरहून साबणाचा बॉक्स आणतो तेव्हा होलसेलवाल्याच्या बिलात जीएसटी लागूनच येतो ना, आणि नंबर नसल्यामुळं त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला टॅक्स वळता करून घ्यायची सोय, मला मिळत नाही, ते पैसे गेलेच. सुटतो फक्त माझ्या मार्जिनवरचा टॅक्स, आता बिस्किटाच्या पुड्यावर मार्जिन ते केवढं! कंपोझिशनवाला, म्हणजे जीएसटीची छोट्यांसाठीची सोपी योजना घेतलेला व्यापारी तर विक्रीवर 1 टक्का स्वतःच्या खिशातनं भरतो, गिऱ्हाइकाच्या बिलात लावायची परवानगीच नाही त्याला.

आणि दुकान नुसता टॅक्स नाही, पोरांना कामही देतं. ऑनलाइनवाले पण टॅक्स भरतात, डिलिव्हरीला पोरं पण ठेवतात, मान्य आहे. पण लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेत जाऊन बघा, 16 रस्ते येऊन मिळतात तिथं, आणि त्या रस्त्यांवरच्या दुकानात सकाळी शटर उघडणारं, कापडाचे ताके काढून दाखवणारं, हमाली करणारं पोरगं बहुतेक वेळा आसपासच्या खेड्यातलं असतंय. बारावीत राहिलेलं, शेती दोन एकर, एमआयडीसीत कुणी उभं करत नाही. त्याला पहिला पगार दुकानच देतं. मलाही तिथंच मिळाला, नऊ वर्षं कापड दुकानात काउंटरला होतो.

आता आपल्या दुकानदारांची चूक पण बोलतो. त्या कापड दुकानात मी शिडीवरनं पडलो, हात मोडला, दोन महिने घरी. काम करणारे आम्ही चौदा जण होतो आणि रजिस्टरला नावं आठच. जास्त जण दाखवले की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागतो म्हणून. दवाखान्याचं बिल वडिलांनी सोयाबीन विकून भरलं. हे मी अजून विसरलो नाही. सरकारला पण पोरगं दिसत नाही कारण ते कागदावर नाहीच, मग योजना कुणासाठी काढणार?

2025 मध्ये 22 सप्टेंबरला साबण, डोक्याचं तेल, बिस्किटं जीएसटीत 18 वरनं 5 टक्क्यावर आली, आनंद झाला, आणि त्याच आठवड्यात पावसानं आपल्याकडं शेतं खरडून नेली. भाव उतरले पण घ्यायला पैसा कुणाकडं होता? सोयाबीनचा पैसा आला नाही की आधी उधारीची वही फुगते आणि मग पोरगं कमी करावं लागतं. मी नाही केलं, माझ्या दुकानातली तीनही पोरं कामावर आहेत, दिवाळीला माल अर्धाच भरला. तिघांचीही नावं वहीत आहेत, हजेरीसकट.