४,२९,४९,६७,२९७ मूळ संख्या नाही
एका लेखात २^३२ + १ म्हणजे ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ म्हटली आहे, कारण लहान मूळ संख्यांनी तिला भाग जात नाही. गणितज्ञ फर्मालाही तसंच वाटलं होतं. पण १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने तिचा विभाजक शोधला: ६४१ × ६७,००,४१७.

वर्गमूळ साधारण ६५,५३६. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं तर ६,५४२ भागाकार होतात. पण या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवून येतो. त्यामुळे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग थेट ६४१! पाचव्याच भागाकारात काम होतं.

भागाकार न करताही हे दिसतं, आणि हा भाग मला फार सुंदर वाटतो. ६४१ = ५ × २^७ + १, तसंच ६४१ = ५^४ + २^४. म्हणजे ६४१ ने भागताना ५ × २^७ ची बाकी −१ (ते ६४१ पेक्षा १ ने कमी), आणि ५^४ ची बाकी −२^४ एवढीच. चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ ची बाकी १. आता ५^४ च्या जागी −२^४ ठेवा: −२^३२ ची बाकी १, म्हणून २^३२ + १ ला निःशेष भाग जातो.

६७,००,४१७ मात्र मूळच आहे. तिचं वर्गमूळ २,५८८ च्या आसपास, त्यामुळे ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्या ६४१ ते २,५६१ एवढ्यातच तपासाव्या लागतात.

प्रोग्रॅम लिहून पडताळणाऱ्यांनी ३२ बिटांचा पूर्णांक वापरू नये. त्यात कमाल ४,२९,४९,६७,२९५ मावते, त्यामुळे ही संख्या गुपचूप १ होऊन बसते. ६४ बिटांचा घ्या.