‘पुढच्या ब्रेकला हात लावू नका’ म्हणे!

‘पुढचा ब्रेक दाबला की स्कूटर उलटते, शहरातल्या वेगाला मागचा पुरतो, पावसात तर पुढच्याचं नावच नको, आणि कॉम्बी ब्रेक (एकाच लिव्हरनं दोन्ही चाकं धरणारा) असेल तर डावा दाबला की झालं.’ हा सल्ला मोबाइलवर सारखा फिरतोय. तो पाळणारा गर्दीत पुढच्या गाडीला मागून ठोकण्याचीच शक्यता जास्त.

उलटण्याचं आधी बघू. साध्या रस्त्यावर स्कूटर कोलांटी खात नाही, पुढचं चाक घसरून ती आडवी होते. कारण घाबरून ब्रेक एकदम आवळला जातो. ब्रेक लागला की गाडीचं आणि आपलं वजन पुढे सरकतं, पुढचं टायर रस्त्याला दाबलं जातं आणि त्याची पकड वाढते. याला क्षणभर लागतो. त्याआधीच लिव्हर मुठीत आवळला तर चाक जाम होतं. म्हणून दोन बोटांनी आधी लिव्हरची ढील काढायची, पुढचा शॉकअप बसू लागला की मग जोर वाढवायचा. तरीही चाक घसरलंच, तर लिव्हर तत्काळ सोडून पुन्हा हळू दाबायचा.

‘मागचा पुरतो’ हे आकड्यांत बघा. ताशी ४० किमीला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे बोटं लिव्हरवर पोचेपर्यंतच तेवढं अंतर संपलं. पुढे कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट दाबले तर साधारण ९-१० मीटर लागतात. नुसत्या मागच्यावर याच्या दुपटीच्या आसपास, कारण वजन पुढे गेल्यानं मागचं चाक हलकं झालेलं असतं. जास्त दाबलंत की ते जाम होतं आणि शेपूट बाजूला सरकते.

एका ठिकाणी मात्र मागचाच ब्रेक राजा. मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या गर्दीत मागचा किंचित धरून ठेवायचा आणि अगदी थोडा एक्सलेटर द्यायचा. गाडी डुगडुगत नाही, पाय टेकावे लागत नाहीत. गिअर-क्लचची कटकट नसलेली स्कूटर इथे जी मजा देते ती दुसरी कुठली गाडी देत नाही! यू-टर्नलाही तसंच, हँडल वळलेलं असताना पुढचा दाबला की गाडी कलंडते.

पावसातही थांबवण्याचं जास्त काम पुढचं चाकच करतं. फक्त सुरुवात लवकर आणि दाब हळू. झेब्रा क्रॉसिंगचे ओले पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, सांडलेली वाळू यांच्यावर मात्र कुठलाच ब्रेक नको. वेग आधीच कमी करायचा आणि गाडी सरळ ठेवून पार व्हायचं.

राहिला कॉम्बी ब्रेक. त्यात डावा लिव्हर पुढचं चाकही धरतो, पण थोडंच. पुढच्या ब्रेकची पूर्ण ताकद उजव्या लिव्हरलाच असते. शिवाय ही जोडणी बहुतेक गाड्यांत केबलची. केबल सैल झाली किंवा गंजली तर पुढचा वाटा गुपचूप गायब होतो. तपासायला मधल्या स्टँडवर गाडी लावा, कुणालातरी मागून खाली दाबायला सांगा, उचललेलं पुढचं चाक हातानं फिरवा आणि डावा लिव्हर दाबा. चाक अडलं पाहिजे. लिव्हरच्या टोकाला ढील साधारण १० ते २० मिमी असावी. ब्रेकच्या ड्रमजवळचा (चाकाच्या मध्यावरच्या गोल डब्याजवळचा) बाण ब्रेक दाबल्यावर खुणेपर्यंत पोचत असेल तर लायनर, म्हणजे आत घासणारे पट्टे, संपलेत. नट आवळत बसू नका, बदला.