खोलीतलं कोल्हापूर कुठं असावं?

नमस्कार दादा,

छोट्या हॉटेलांच्या खोल्या कशा सजवाव्यात या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. खालच्या गर्दीत ती कुणाच्या नजरेतून सुटली असेल तर तिचा गाभा इथं देते. महाद्वार रोडच्या आसपास तुमचं लॉज आहे, वडिलांच्या काळापासूनचं. तुम्ही लिहिलंय, "पांढरी चादर, मोकळी भिंत आणि पिवळा दिवा एवढंच करायचं तर माणसानं कोल्हापूरला यायचं कशाला? फेटा, तलवार, चप्पल, कुस्ती हे आमचं वैभव. पाहुणे फोटो त्याचेच काढतात. आणि पांढरी चादर आमच्याकडं एक सीझन टिकत नाही. हळद, कुंकू, डोक्याचं तेल, तांबडा रस्सा, सगळं तिच्यावरच येतं. हे लाड मोठ्या हॉटेलांना परवडतात."

कोल्हापूरची ओळख पुसली जाऊ नये ही तुमची तळमळ मला पूर्ण मान्य आहे. मी इथंच वाढले, कामही इथंच करते. आपल्यात फरक एवढाच आहे की तुम्ही कोल्हापूर भिंतीवर मागताय आणि मी म्हणते, ते आधी पाहुण्याच्या पाठीला, पायाला आणि हाताला लागू द्या. झोपलेल्या माणसाला भिंत दिसत नाही.

चादरीपासून सुरुवात करू, कारण तुमची खरी अडचण तिथं आहे. हळदीचा डाग साबण लागला की लालभडक होतो आणि धुणारा घाबरून जातो. तो साबणातल्या क्षाराचा परिणाम आहे. तीच चादर खंगाळून कडक उन्हात टाकली की डाग फिका पडत जातो, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. कुंकू आधी कोरडंच झटकायचं, ओलं करून चोळलं की पसरतं. तेलाच्या आणि रश्श्याच्या डागावर आधी भांड्याचा लिक्विड साबण लावायचा, मग गरम पाणी. रक्ताला मात्र थंडच पाणी, गरम लागलं की डाग बसला. एवढं करून जे उरेल त्याला ब्लीच, आणि ते बिनधास्त चालतं फक्त पांढऱ्या सुती कापडावर.

छापील चादरीवर ब्लीच टाकलं तर डागाबरोबर फुलंही जातात. म्हणून तिच्यावरचा डाग कुणी काढतच नाही, तो नक्षीत लपून राहतो. रात्री उशीवर नाक टेकल्यावर पाहुण्याला त्याचा पत्ता लागतो. शिवाय चारपैकी एक छापील चादर फाटली की तीच नक्षी पुन्हा बाजारात मिळत नाही. मग एका पलंगावर गुलाब, दुसऱ्यावर पट्टे, उशीचा अभ्रा तिसऱ्याच जातीचा. पांढऱ्याला पांढरं कधीही मिळतं.

पांढरी चादर टिकत नाही असं तुम्ही म्हणता, त्यामागं बहुतेक वेळा संचाची कमतरता असते. एका पलंगाला तीन संच हवेत: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात विश्रांतीला. दोनच संच असले की रोज तेच कापड धुतलं जातं, अर्धवट वाळतं, ओलसर इस्त्री होतं आणि वर्षाच्या आत विरतं. आपल्याकडं जूनपासून चार महिने गच्चीवर काही वाळत नाही, तेव्हा पावसाळ्यापुरता चौथा संच ठेवा. ज्यांच्याकडं ड्रायर नाही त्यांनी निव्वळ सुतीचा हट्ट सोडून सूत जास्त आणि पॉलिस्टर कमी असं मिश्रण घेतलं तरी चालेल. लवकर वाळतं, सुरकुत्या कमी पडतात.

आणि हे कापड आणायला मुंबईला जायची गरज नाही. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. आज तिथं जाऊन रुंद पन्ह्याचं शीटिंगचं कापड बघून, हातात घेऊन, ठरवून घेता येतं. दुकानदार हजार थ्रेड काउंट सांगू लागला तर भुलू नका. एका चौरस इंचातले उभे-आडवे धागे मोजून तो आकडा येतो, आणि पीळ दिलेल्या धाग्याचा एकेक पदर वेगळा मोजला की तो फुगवता येतो. लॉजच्या धुण्याला दोनशे ते तीनशेचं घट्ट विणीचं कापड उत्तम. तुमच्या पलंगावर इचलकरंजीचं कापड अंथरलंय हे एका ओळीत लिहून टेबलावर ठेवा. पाहुण्याला ते आवडतं, आणि ते खरंही असतं.

अंगावर घ्यायला बहुतेक लॉजवर ते जाड, गुळगुळीत, वाघाच्या चित्राचं ब्लँकेट असतं. ते दर पाहुण्यामागं धुतलं जात नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. त्याच्या जागी सोलापुरी चादर ठेवा. सुती आहे, मशीनमध्ये धुता येते, आपल्या थंडीला पुरते, आणि तिचे रंग खोलीला पुरेसे बोलके करतात. भौगोलिक मानांकन मिळालेलं आपल्या महाराष्ट्राचं कापड आहे ते. पांढऱ्या चादरीवर गडद लाल किंवा निळी सोलापुरी घडी घालून ठेवली की ती खोली पुण्या-मुंबईची वाटते असं मला कुणी पटवून द्यावं.

आता चप्पल. तुम्ही लिहिलंय की पलंगाच्या वर भिंतीवर कोल्हापुरी चपलांचे जोड लावलेत आणि लोक फोटो काढतात. दादा, फोटो काढतात हे खरं, पण तुमच्याकडं येणारं निम्मं गिऱ्हाईक अंबाबाईच्या दर्शनाला आलेलं आहे. सासूबाईंना, आजोबांना घेऊन आलेलं कुटुंब आहे. त्यांच्या उशाशी, डोक्यावर पायातली वस्तू? आपल्या घरात कुणी असं झोपेल का? ते तोंडावर काही बोलणार नाहीत, पण त्यांना ते खुपतं. मी अशाच एका खोलीत एका आजींना उशी पायथ्याकडं नेऊन झोपलेलं पाहिलंय.

पण कोल्हापुरी चपलेत कौतुकाचं काय आहे? तिचं चामडं. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं, हाताला लागलं की कळतं असं. आणि पट्ट्यांवरची वेणी. ती वेणी ड्रॉवरच्या आणि कपाटाच्या हँडलला घ्या. पापाची तिकटीवर, चपलांच्या बाजारात, ओळखीच्या दुकानदाराला विचारा, तो कारागिराशी गाठ घालून देईल. सहा इंची पट्टी, दोन्ही टोकांना पितळी स्क्रू, मधे वेणी. पाहुणा दिवसातून कितीदा कपाट उघडतो, तितक्यांदा ते चामडं त्याच्या मुठीत येतं, आणि वापरून वापरून त्याचा रंग सुंदर गडद होत जातो. फक्त बाथरूमच्या दाराला लावू नका, पावसाळ्यात बुरशी धरते. आणि वर्षातून दोनदा तेलाचा हात फिरवा.

घोंगड्याचंही तसंच. आपले सणगर कारागीर ते खड्डा मागावर विणतात, ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवं घोंगडं ताठ असतं. काळा-करडा रंग मेंढीचा स्वतःचा. अंगावर घ्यायला पाहुण्यांना ते टोचतं, तेव्हा पांघरूण म्हणून देऊ नका. पलंगाच्या पायथ्याशी दीड-दोन फूट रुंदीची पट्टी आडवी टाका. खोलीत शिरल्या शिरल्या माणूस प्रवासाच्या कपड्यांनिशी पलंगाच्या टोकावर बसतो, बॅगही तिथंच टाकतो. ती धूळ घोंगडं झेलतं, चादर वाचते. लोकर पटकन पेटही घेत नाही, पॉलिस्टरसारखी वितळून चिकटत तर नाहीच. कसर लागू नये म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी ऊन दाखवायचं, बस्स. पलंगाच्या माथ्याच्या फळीला मात्र ना घोंगडं ना कुठलंही कापड. डोक्याच्या तेलाचा काळा गोल तिथं महिन्याभरात उमटतो. तिथं लाकूड किंवा सनमायका, ओल्या फडक्यानं पुसता येईल असा.

दर्शनाला येणाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट विचारते. तुमच्या खोलीत ओटीचं ताट कुठं ठेवायचं? नारळ, खण, फुलं, प्रसादाचा पुडा घेऊन माणूस खोलीवर येतो आणि जागा शोधत राहतो. शेवटी टीव्हीच्या टेबलावर, चार्जर आणि पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवतो. खांद्याच्या उंचीला एक छोटा कोनाडा करा. जुन्या वाड्यांच्या भिंतींत तो असायचाच. तुमची भिंत पातळ असेल तर नऊ इंची फळी पुरे. तिथं एक पितळी तबक ठेवा, वर छोटा दिवा सोडा. तलवारीपेक्षा हे कितीतरी जास्त कोल्हापूर आहे असं मी मनापासून म्हणते.

आणि पाय. देवळाच्या आवारात माणूस अनवाणी फिरतो, परत येताना पाय मातीनं आणि पावसाळ्यात चिखलानं भरलेले असतात. बाथरूममध्ये शिरताच दीड फूट उंचीवर एक साधा नळ असावा, खाली खरखरीत टाइल, उतार जाळीकडं नीट काढलेला. बादली आणि मग ठेवाच. नवे डिझायनर शॉवरच्या नादात ते काढून टाकतात आणि मग पाहुणा रिसेप्शनला फोन करून बादली मागतो. खोलीत कार्पेट कुठंच नको. आपल्या पावसात त्याला कुबट वास धरतो तो दिवाळीपर्यंत जात नाही.

दिवे आणि पडद्यांबद्दल मूळ लेखात लिहिलंय, इथं थोडक्यात. पिवळा दिवा म्हणजे अंधुक दिवा असा तुमचा समज झालेला दिसतो. २७०० ते ३००० केल्विनचा (हा आकडा उजेडाच्या रंगाचा, खोक्यावर असतो) दिवा भरपूर उजेड देऊ शकतो, फक्त तो ट्यूबसारखा डोळ्यावर येत नाही. उशाशी वाचायला एक वेगळा दिवा, आणि सगळे दिवे पडल्या पडल्या बंद करायचं बटण. चार्जिंगचा पॉइंट पलंगाच्या दोन्ही बाजूंना. पडद्यामागं काळं अस्तर हवंच, कारण महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर प्रवास करून सकाळी उतरलेल्या माणसाला भर दिवसा झोपायचं असतं. चार फुटी खिडकीला आठ ते दहा फूट कापड लागतं. त्यात काटकसर केली की पडदा ओढल्यावर पाटासारखा सपाट दिसतो आणि कडेनं उजेड आत येतो.

राजवाड्यासारखं करायचंय, असंही तुम्ही लिहिलंत. नवा राजवाडा १८८४ साली पुरा झाला, शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ मध्ये रंकाळ्याकाठी उभा राहिला आणि पुढं त्याचं हॉटेलही झालं. त्या वास्तूंचं वैभव उंचीत आणि दगडात आहे. दहा बाय बाराच्या खोलीत, नऊ फुटांच्या छताखाली पीओपीच्या कमानी आणि सोनेरी रंग केला की खोली आणखी लहान होते आणि कमानींवर धूळ साचते. त्या वास्तूंतला काळा दगड मात्र घ्या. पलंगाच्या बॉक्सच्या तळाशी चार इंची काळ्या दगडाची पट्टी फिरवा. रोज पोछा मारताना पाणी प्लायला लागून तो फुगतो, ते थांबेल. बॉक्स नको असेल तर दहा इंची पाय द्या, झाडू आरपार जाईल असे. मधलं काही करू नका, तीन इंचांच्या फटीत कचरा जातो आणि हात जात नाही. प्लाय घेताना बिलावर आयएस ७१० लिहून घ्या, पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचं ते मानक आहे. आयएस ३०३ मधला साधा कमर्शिअल प्लाय बाथरूमच्या भिंतीलगत टिकत नाही.

फेटा, खासबागेतल्या कुस्तीचे फोटो, तलवार यांना माझा विरोध नाही. त्यांची जागा खाली, रिसेप्शनला. एक अख्खी भिंत त्यांना द्या, उजेड चांगला पाडा, पाहुण्यांना तिथं उभं राहून फोटो काढू दे. खोलीत एकच चित्र पुरे, आणि ते प्लॅस्टिकवर छापलेलं नको. अबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात कलाविद्यालयांतली मुलं रंकाळा, पंचगंगेचा घाट रोज रंगवतात. त्यांच्याकडून विकत घ्या, खाली नाव लिहा.

परवडण्याचं म्हणाल तर पीओपी, सोनेरी रंग, चपलांच्या चौकटी आणि वाघाची ब्लँकेटं यांचा खर्च एका कागदावर मांडा आणि चादरींचे तीन संच, अस्तराचे पडदे, हँडलं, कोनाडा यांचा शेजारी. मूळ लेखातही मी हेच सांगितलं होतं: आधी गादी, मग चादर, मग अंधार, मग बाथरूमची फरशी. पैसे उरले तर भिंत.

सगळ्या खोल्या एकदम काढू नका. एकच करा, आणि रंग वाळल्यावर एक रात्र तुम्ही आणि वहिनी तिथं झोपा. गिऱ्हाइकाला देण्याआधी काय टोचतं, कुठं उजेड येतो, नळ कुठं टपकतो ते तुम्हाला कळेल. नवरात्राआधी हे उरकायचं असेल तर कापडाची ऑर्डर आत्ताच द्या. ६० बाय ७८ इंची पलंगाला, सहा इंची गादी धरून, दोन्ही बाजू आणि खोचायचे नऊ-नऊ इंच मिळवले की ९० बाय १०८ ची चादर येते. हे माप धुतल्यानंतरचं आहे, तेव्हा कापड आणलं की आधी एकदा धुऊन आटवून घ्या आणि मगच कापा. तुमच्या गाद्या आठ इंची असतील किंवा पलंग जोडून चौघांची खोली केली असेल तर मापं खाली लिहा, पन्ह्याचा हिशोब मी इथंच करून देते.